गुन्ह्यात झालेल्या दुखापतीची भरपाई: आरोपीच्या दंडापासून सरकारी निधीपर्यंत

मारहाणीत हात मोडला आणि मारणारा सापडलाच नाही, तर उपचारांचा खर्च कोणी सोसायचा? ३१ डिसेंबर २००९ पर्यंत आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात याचं उत्तर नव्हतं.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४५ होतं. त्यानुसार न्यायालय दंडाच्या वसूल रकमेतून पीडिताला भरपाई देऊ शकत असे. म्हणजे आधी आरोपी सापडायला हवा, मग तो दोषी ठरायला हवा, त्याला दंड व्हायला हवा आणि त्याने तो भरायलाही हवा. १९७३ च्या संहितेने हेच कलम ३५७ म्हणून पुढे नेलं. उपकलम ३ मधली भर महत्त्वाची होती: शिक्षेत दंड नसला तरी आरोपीने भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची दंडाची कमाल मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती. या उपकलमाखालच्या भरपाईला तशी मर्यादा नव्हती. तरीही कलम फारसं वापरलं गेलं नाही, कारण देणं न देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर होतं. शिवाय दंडातून द्यायची रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हातात पडत नसे.

बाहेरच्या जगात वेगळा विचार सुरू झाला होता. न्यूझीलंडने १९६३ मध्ये कायदा करून आणि ब्रिटनने १९६४ मध्ये योजना आणून भरपाई सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कनिष्ठ न्यायालयांना कलम ३५७ सढळपणे वापरायला सांगितलं. राज्याने निधी उभारावा, अशी शिफारस विधी आयोगाच्या १५४ व्या अहवालात १९९६ साली आली. कायदा व्हायला मात्र आणखी बारा वर्षं गेली.

२००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आलं आणि भरपाई व शिक्षा यांची गाठ सुटली. प्रत्येक राज्याने योजना करायची, रक्कम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवायची. आरोपी निर्दोष सुटला तरी पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय शिफारस करू शकतं. उपकलम ४ तर याहून पुढे गेलं: गुन्हेगार सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित स्वतः अर्ज करू शकतो. आपल्याकडे पोलीस 'अ' समरी दाखल करतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा तपास लागला नाही, तेव्हा हेच उपकलम कामी येतं. 'अ' समरी आली की प्रकरण संपलं असं समजून लोक कागद कपाटात टाकतात. खरं तर त्याची प्रत अर्जाला जोडायची असते.

महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ले यांच्यासाठी ऑक्टोबर २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आली आणि २०१४ मध्ये सर्वसाधारण पीडित भरपाई योजना. मे २०१३ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी प्रकरणात करणं आणि त्याची कारणं नोंदवणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲसिड हल्ल्यासाठी किमान ३ लाख रुपये ठरले: १ लाख पंधरा दिवसांत, उरलेले पुढच्या दोन महिन्यांत.

राज्याराज्यांतल्या रकमांमधली तफावत मिटवण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने महिला पीडितांसाठी २०१८ ची योजना केली. तिच्यात गंभीर शारीरिक दुखापतीला १ ते २ लाख आहेत. ८० टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व आलं तर २ ते ५ लाख. इथे दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा टक्का थेट रकमेत उतरतो, आणि हे प्रमाणपत्र जखम भरून स्थिती स्थिर झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून सगळे कागद जमेपर्यंत थांबू नये. अंतरिम भरपाईची मागणी अर्जातच करावी आणि प्रमाणपत्र नंतर जोडावं. या योजनेत मंजूर रकमेपैकी साधारण ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जातात, हे आधी ठाऊक नसलं की रक्कम कापली असं वाटतं.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. ३५७ चं आता ३९५ आणि ३५७-अ चं ३९६ झालं. रचना तीच. प्राधिकरणाने अर्जाची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करण्याची अटही तीच, पण पोलिसांचा किंवा रुग्णालयाचा अहवाल वेळेवर न आल्याने ती वारंवार मोडते. एफआयआर, दुखापत प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि बँक पासबुक अर्जदाराने स्वतःच दिलं की निदान तेवढा खोळंबा वाचतो. दुखापत प्रमाणपत्र नीट वाचावं. त्यावर 'साधी' असा शेरा असला तर रक्कम घसरते किंवा अर्जच फेटाळला जातो. तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं न करता येणं २० दिवस टिकलं तर भारतीय दंड संहितेत दुखापत गंभीर ठरत असे. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत १५ दिवसांवर आणली. पहिल्या दिवशी अपघात विभागात दिलेला शेरा हे दिवस मोजू शकत नाही, तेव्हा पुढच्या तपासण्यांच्या नोंदी जोडून सुधारित मत मागावं.

धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाचं प्रकरण मात्र या वाटेने सहसा जात नाही. त्यासाठी मोटार वाहन कायद्याखाली २०२२ ची वेगळी योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे नव्हे, तर महसूल खात्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा असतो.