महिन्याभराच्या इंजेक्शनची चाचणी महिनाभर का चालते?

इंजेक्शनमधून औषध किती वेगाने सुटतं, हे आमची प्रयोगशाळा तपासते. “रिपोर्ट कधी मिळेल?” फोनवर ग्राहकांचा पहिला प्रश्न हाच असतो. ल्युप्रोलाइड किंवा ऑक्ट्रिओटाइड या औषधांच्या महिनाभर पुरणाऱ्या इंजेक्शनचा नमुना असेल, तर आमचं उत्तर असतं, महिन्याच्या वर. त्यानंतर पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यासाठी हे पत्रक.

ही औषधं पेप्टाइड जातीची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. गिळली तर बहुतेक पोटातच पचतात, साधं इंजेक्शन दिलं तर रक्तात फार टिकत नाहीत. म्हणून त्यांना पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या बारीक गोळ्यांत, म्हणजे मायक्रोस्फिअर्समध्ये, कोंडतात. पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची साखळी. अंगातल्या पाण्याने ती हळूहळू तुटते आणि औषध सुटत जातं. अमेरिकेत १९८९ साली प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं ल्युप्रॉन डेपो याच जातीचं.

आमच्याकडे ही पांढरी भुकटी मोजून नळीत जाते. वर ७.४ पीएचचं फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), त्यात जरासं ट्वीन हे साबणासारखं द्रव्य (नाहीतर भुकटी भिजतच नाही, तरंगत राहते) आणि जंतू वाढू नयेत म्हणून अगदी थोडं सोडियम अझाइड. नळ्या ३७ अंशांच्या, म्हणजे अंगाच्या तापमानाच्या, शेकर बाथमध्ये (हलत्या गरम पाण्याच्या टाकीत). ठरल्या दिवशी सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं बफर काढून एचपीएलसीला (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) लावायचं, तेवढंच ताजं भरायचं. ऐकायला सोपं आहे. पण पिपेटचं टोक तळाच्या थराला लागलं, तर न सुटलेल्या औषधासकट गोळ्याच वर येतात आणि त्या नळीचे पुढचे सगळे आकडे बिघडतात. म्हणून हे काम आम्ही नवख्या हाताला देत नाही.

पहिल्या चोवीस तासांचा आकडा नीट बघा. गोळीच्या पृष्ठभागालगतचं औषध तेव्हाच झटक्यात सुटतं, त्याला बर्स्ट म्हणतात. पुढे बरेचदा आलेख आडवा होतो. तेव्हा घाबरून फोन करू नका, आत पॉलिमर तुटायचं काम चालूच असतं.

“तापमान वाढवून आठवड्यात उरका की!” उरकता येतं. पण पीएलजीए तापल्यावर मऊ पडतं, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि औषध सुटण्याची तऱ्हाच बदलू शकते. ३७ अंशांच्या चाचणीशी ताळा जमला असेल, तरच ही झटपट चाचणी बॅचची तुलना करायला वापरावी. नव्या फॉर्म्युल्याला आम्ही ती एकटी लावत नाही.

शेवटी उरलेल्या गोळ्या विरघळवून आतलं औषध मोजतो. सुटलेलं अधिक उरलेलं, ही बेरीज शंभर टक्क्यांच्या आसपास यायला हवी. कमी आली तर काही पेप्टाइड नळीला चिकटलं किंवा बिघडलं. ऑक्ट्रिओटाइडला तर पॉलिमरचेच तुकडे जोडले जातात. एचपीएलसीच्या आलेखावर शेजारी वेगळा पीक, म्हणजे उंचवटा, दिसतो. रिपोर्टात तो “सुटलेलं औषध” म्हणून मिसळत नाही, वेगळा दाखवतो. काही ग्राहकांना हे आवडत नाही.

एका पावसाळ्यात एकोणिसाव्या दिवशी रात्रभर लाइट गेली आणि बाथ गार पडला. तो नमुना आमच्या खर्चाने पहिल्या दिवसापासून पुन्हा लावला. आता बाथला स्वतंत्र बॅकअप आहे आणि तापमानाची नोंद रिपोर्टाला जोडलेली असते.

नमुन्यासोबत तुलनेसाठी शुद्ध पेप्टाइडचं स्टँडर्ड आणि त्याच पॉलिमरच्या, औषध नसलेल्या गोळ्या पाठवा. पेटी सोमवारी किंवा मंगळवारी निघू द्या. शनिवारी संध्याकाळी पोचलेली पेटी रविवारभर वॉचमनच्या टेबलाखाली राहते.