कोंबडीचा बाण आणि कोंबड्यांचा ट्रक

१९९३ साली आलेल्या ‘हॉट शॉट्स! पार्ट द्यू’ या चित्रपटात नायक टॉपर हार्ली शत्रूवर एकामागून एक बाण सोडत असतो. बाण संपतात, तेव्हा तो चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता एक कोंबडी धनुष्याला लावतो, दोरी ओढतो आणि सोडतो. कोंबडी बाणासारखीच सुसाट जाते आणि समोरचा सैनिक गारद होतो. आता २०१२ सालच्या ‘२१ जंप स्ट्रीट’मधला महामार्गावरचा पाठलाग आठवून पाहा. तिथे इंधनाने भरलेला टँकर अपघातात सापडतो, दोन्ही पोलीस नायक आता स्फोट होणार म्हणून श्वास रोखतात, आणि काहीच होत नाही. हे पुन्हा घडते. अखेर ज्याच्याकडून कोणी काही अपेक्षा केली नव्हती, तो कोंबड्या वाहून नेणारा ट्रक आगीचा लोळ होऊन फुटतो.

दोन्हीकडे कोंबड्या आहेत, दोन्हीकडे ॲक्शनपटाच्या सवयींवर हसणे आहे, आणि म्हणूनच अशा दोन्ही चित्रपटांना आपण सरसकट ‘ॲक्शनपटाचे विडंबन’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते या दोन निराळ्या जाती आहेत. पहिला विडंबनपट, ज्याला रोजच्या बोलण्यात स्पूफ म्हणतात. दुसरा स्वतःची खिल्ली उडवणारा, पण अखेरपर्यंत ॲक्शनपटच राहणारा चित्रपट. फरक विनोदाच्या प्रमाणात नाही, तो पडद्यावरच्या गोळीला वजन आहे की नाही, यात आहे.

विडंबनपटात गोळीला वजन नसते. टॉपर मशीनगन चालवू लागतो, तेव्हा पडद्यावर मृतांचा आकडा धावफलकासारखा चढत जातो, आधीच्या गाजलेल्या हिंसक चित्रपटांना मागे टाकल्याची घोषणा होते आणि शेवटी हा आजवरचा सर्वांत रक्तरंजित चित्रपट असल्याचे जाहीर केले जाते. इतकी माणसे पडत असताना प्रेक्षकाला त्यांतल्या एकाचेही काही वाटत नाही, आणि वाटू नये अशीच योजना आहे, कारण क्षणभर जरी वाटले तरी विनोद तिथेच मरेल. दिग्दर्शक जिम अब्राहम्स हे १९८० च्या ‘एअरप्लेन!’च्या तीन दिग्दर्शकांपैकी एक होते, आणि त्या चित्रपटापासून चालत आलेला या जातीचा पहिला नियम असा की जग कितीही वेडेवाकडे झाले तरी नटाने हसायचे नाही. पात्राला आपण विनोदी चित्रपटात आहोत हे कळता कामा नये.

या नियमाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे रिचर्ड क्रेना. १९८२, १९८५ आणि १९८८ अशा रॅम्बोच्या तीन चित्रपटांत नायकाचा जुना वरिष्ठ कर्नल ट्रॉटमन त्यांनीच साकारला होता. ‘पार्ट द्यू’मध्ये तेच क्रेना कर्नल वॉल्टर्स या नावाने थायलंडमध्ये दडून बसलेल्या नायकाला मोहिमेवर बोलवायला येतात, म्हणजे रॅम्बोच्या तिसऱ्या भागाची सुरुवात जशीच्या तशी. क्रेना इथे काहीही वेगळे करत नाहीत. तोच भारदस्त आवाज, तीच काळजी. फक्त मोहीम अशी की कैद्यांना सोडवायला गेलेली माणसे पकडली गेली, त्यांना सोडवायला गेलेलीही पकडली गेली, आणि आता त्या सगळ्यांना सोडवायला टॉपरने जायचे आहे. मूळ भूमिका आणि तिचे विडंबन एकाच माणसाच्या चेहऱ्यावर, जवळजवळ एकाच अभिनयात पाहायला मिळावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आता ‘२१ जंप स्ट्रीट’चा दुसरा भाग, २०१४ सालचा ‘२२ जंप स्ट्रीट’. फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर यांच्या या चित्रपटात पात्रांना जवळपास सगळे कळते. सुरुवातीलाच वरिष्ठ अधिकारी श्मिट आणि जेन्को या जोडीला सांगतो की पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या वेषात गुन्हेगार शोधायच्या या योजनेकडून मागच्या वेळी कोणाला काही आशा नव्हती, पण ती यशस्वी झाली, म्हणून या वेळी पैसे दुप्पट मिळतील आणि काम मात्र अगदी तेच करायचे. तो पोलिसी मोहिमेबद्दल बोलत असतो आणि त्याच वेळी चित्रपटाच्या दुसऱ्या भागाबद्दलही. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बसवणे हेच पटकथेचे कसब आहे. पथकाचे कार्यालय पहिल्या भागातल्या चर्चमधून रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये, म्हणजे २१ क्रमांकावरून २२ वर गेलेले असते.

इतके सगळे असूनही इथली गोळी खरी आहे. शेवटी दोन्ही नायक पळून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला लटकतात, तेव्हा दृश्याची बांधणी कोणत्याही गंभीर ॲक्शनपटासारखी चोख आहे, आणि ती तशी नसती तर दोन तास रंगवलेले त्यांच्या मैत्रीतले रुसवेफुगवे, प्रेमभंगाच्या चालीवर रचलेली त्यांची ताटातूट, हे सगळे वाया गेले असते. हातातून हात सुटतो की काय, ही धाकधूक प्रेक्षकाला वाटायलाच हवी. टॉपर हार्ली हेलिकॉप्टरमधून पडला तर आपण तो कशावर आपटतो हे पाहायला उत्सुक असू. श्मिट पडला तर आपण दचकू.

विनोद चित्रपटाबाहेरच्या माहितीवर उभा आहे की आतल्या, अशीही एक विभागणी काही जण करतात. ती मला अर्धवट पटते. ‘पार्ट द्यू’मध्ये नदीवरून जाणाऱ्या दोन बोटींत चार्ली शीन आणि त्यांचे वडील मार्टिन शीन समोरासमोर येतात आणि ‘वॉल स्ट्रीट’मधले तुमचे काम मला फार आवडले, असे एकमेकांना ओरडून सांगतात, त्या १९८७ च्या चित्रपटात दोघांनी बापलेकाच्याच भूमिका केल्या होत्या, हे ठाऊक नसेल तर प्रसंग कोरडा जातो. परंतु ‘२२ जंप स्ट्रीट’मध्येही पथकाचा प्रमुख कॅप्टन डिक्सन याचे नवे कार्यालय बर्फाच्या खड्यासारख्या काचेच्या घनाकृतीत आहे, आणि ती भूमिका आइस क्यूब या नावाचा कलाकार करतो. तेव्हा बाहेरची माहिती दोघांनाही लागते.

गोळीला वजन आहे की नाही, हा प्रत्येक जातीचा प्रेक्षकाशी जणू करारच असतो. दोन्ही जातींचे करार एकाच चित्रपटात घातले तर काय होते, हे ‘लास्ट ॲक्शन हीरो’त दिसते. तोही १९९३ चाच, आणि दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन, ज्यांनी १९८८ साली ‘डाय हार्ड’ केला होता. त्यातला मुलगा जादूच्या तिकिटामुळे जॅक स्लेटर या काल्पनिक नायकाच्या चित्रपटमालिकेच्या चौथ्या भागात शिरतो, जिथे नायकाला काहीच होत नाही. पुढे स्लेटर खऱ्या जगात येतो, सवयीप्रमाणे गाडीची काच मुठीने फोडतो आणि हात दुखल्याने चकित होतो. माझ्या लेखी ही संपूर्ण चित्रपटातली सर्वांत नेमकी जागा आहे, कारण वजन नसलेली गोळी आणि वजन असलेली गोळी यांतला फरक तिथे एका मुठीत मावला आहे. पण प्रेक्षकाला मध्येच करार बदललेला सहसा आवडत नाही. ‘जुरासिक पार्क’नंतर आठवडाभराने प्रदर्शित होणेही त्याला भोवले.

दुसरा भाग असणे म्हणजे काय, याचे उत्तरही दोघे वेगळे देतात. विडंबनपटाला दुसरा भाग म्हणजे नवे सावज: १९९१ च्या पहिल्या ‘हॉट शॉट्स!’ने लढाऊ वैमानिकांच्या ‘टॉप गन’ला धरले होते, दुसऱ्याने रॅम्बोला धरले, आणि पहिला पाहिलेला नसला तरी फारसे अडत नाही. ‘२२ जंप स्ट्रीट’चे सावज मात्र आपण दुसरा भाग आहोत ही वस्तुस्थितीच आहे. म्हणून त्याची श्रेयनामावली सुरू होते, तेव्हा श्मिट आणि जेन्को वैद्यकीय महाविद्यालयात, पाककलेच्या शाळेत आणि आणखी कुठेकुठे वेषांतर करून गेल्याच्या न बनलेल्या भागांच्या खोट्या जाहिराती एकामागून एक येत राहतात. एका भागात तर मानधनाच्या वादामुळे श्मिटच्या जागी दुसराच नट उभा असतो. पुढच्या भागांवर करता येण्याजोगे जवळजवळ सगळे विनोद त्या काही मिनिटांतच खर्ची पडले, आणि तिसरा भाग अजून आलेला नाही.