कृष्णकमळाला कळ्या का येत नाहीत?

वेल हिरवीगार, मांडव भरलेला, पण कळी एकही नाही. अशा वेळी खत वाढवण्याआधी वेलीचे शेंडे बघा. कृष्णकमळाची कळी नव्या फुटीवरच, पानाच्या बगलेत येते. जून, लाकूड झालेल्या भागावर येत नाही. फूल एका दिवसात मिटतं, त्यामुळे शेंडा वाढत राहिला आणि पेरामागून पेर फुटत गेलं, तरच बहर टिकतो.

छाटणी फेब्रुवारीअखेर करावी, एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. जूनमध्ये कात्री लावलीत तर कळ्या धरणारे शेंडेच जातात. दिवसाची लांबीही मोजावी लागते. पुण्यात दिवस जूनअखेर सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरअखेर ११ तासांचा असतो. पॅशनफ्रूटची वेल याच कुळातली. दिवस ११ तासांच्या आसपास आला की तिच्या कळ्या मंदावतात. हिवाळ्यात फुलं थांबली म्हणून घाबरून खत घालू नका. युरियासारख्या नत्रयुक्त खताने नुसती पानं माजतात.

कुंडी किमान १४ इंची, ऊन रोज ५-६ तास. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. पाणी तुंबलं की मुळं कुजतात. नवीन रोपासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, ३-४ पेरांची काडी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा आणि दोन पेरं मातीत जाऊ द्या.

कौरव, पाच पांडव आणि वरचे तीन देव आपण लहानपणापासून या फुलात मोजत आलो. त्यातल्या तीन देवांवर नजर ठेवा. त्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं आहेत. फूल उमलताना त्या वर ताठ असतात. मग हळूहळू वाकून खाली परागकोशांच्या, म्हणजे पराग असलेल्या पाच पांडवांच्या, पातळीला येतात. मधासाठी आलेल्या काळ्या भुंग्याची पाठ आता दोन्हींना घासते. कुक्षी वाकल्याच नाहीत, तर त्या फुलाला फळ धरत नाही.

पिवळ्या पॅशनफ्रूटला स्वतःचा पराग चालत नाही. एकाच वेलीच्या काड्यांपासून केलेल्या दोन वेलीही फळासाठी एकच धरायच्या. दुसरी वेल बियांपासून वाढवलेली हवी. पिवळ्या पॅशनफ्रूटची फुलं दुपारी उमलतात. भुंगे नसतील तर कुक्षी वाकल्यावर मऊ ब्रशने दुसऱ्या वेलीचा पराग लावा, मात्र पावसात नको. भिजलेला पराग फुटून वाया जातो.

पानं कुरतडलेली दिसली तर मागची बाजू तपासा. काटेरी, तांबूस अळ्या नारिंगी फुलपाखराच्या असतात. वेल मोठी असेल तर एखादी फांदी त्यांच्यासाठी सोडा. रोप लहान असेल तर त्या हाताने वेचून काढा.