खाऱ्या वाऱ्यातला घडीचा चाकू : घेण्याआधी एवढं वाचा

ग्राहक मंडळी, नमस्कार.

दुकानात चाकू बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास धारेचा विचारतो. धार आम्ही इथल्या इथे पाच-दहा मिनिटांत लावून देतो, तिची काळजी नको. मालवणात राहून विचारायचा प्रश्न वेगळा : मृगात पिशवीत टाकलेला हा चाकू चतुर्थीला उघडेल का?

आमचा स्वतःचा उघडला नव्हता. आंबोलीहून भिजून आलो आणि चाकू पाठपिशवीच्या कप्प्यात ओल्या पंचासोबत तसाच राहिला. माटवी (गणपतीवरचं छत) बांधताना सुंभ कापायला काढला, तर पातं अर्ध्यावर येऊन अडलं. जोर केल्यावर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी तपकिरी पापुद्रे सुटले आणि धारेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. गंज घासून गेला, खड्डे अजून आहेत. तो चाकू काउंटरच्या खणात ठेवलाय, हवा तर दाखवतो.

तो डी-२ पोलादाचा होता, आणि गिऱ्हाईकं हल्ली नाव घेऊन तोच मागतात. धार टिकते हे खरं. पण पोलाद गंजू नये म्हणून त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. त्याचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा पात्यावर धरतो. डी-२ मध्ये क्रोमियम बाराएक टक्के असतं, पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास. हा कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून त्याचे कठीण कण बनवतो. त्या कणांमुळे धार टिकते आणि गंजाशी झुंजायला क्रोमियम कमी उरतं. वर आपल्या हवेतलं मीठ! मिठातला क्लोराइड तो पापुद्रा जागोजागी फोडतो, म्हणून गंज सरसकट न येता टोचे पडतात. देशावर फिरणाऱ्याने डी-२ खुशाल घ्यावा. किनाऱ्यावरच्या माणसाला आम्ही १४सी२८एन सुचवतो : क्रोमियम १४ टक्के, कार्बन कमी, त्यात थोडा नायट्रोजन. होडीवर रोज मीठपाण्यात हात असेल तर एच-१ जातीचं पोलाद बघा. ते जवळजवळ गंजतच नाही, मात्र धार वरचेवर लावावी लागते. काळ्या रंगाच्या पात्याला भुलू नका. लेप पात्याच्या अंगावर असतो, धारेवर नसतो, आणि गंज कुठे सुरू झाला हे मात्र लपून राहतं.

लांबी अडीच ते साडेतीन इंच पुरे. जाळ्यात अडकलेली नायलॉनची दोरी तोडणं, बँडेजची पट्टी कापणं, बांगडा साफ करणं, पावसात भिजलेल्या काटकीची ओली साल सोलून आतलं कोरडं लाकूड काढणं, एवढीच या चाकूची कामं. सोडण (नारळाची काथ्याची साल) सोलायला किंवा नारळ फोडायला तो वापरू नका. त्यासाठी आकडीतला कोयता आहे, आणि तो कमरेला असेल तर त्याच्या जोडीला लहानसा चाकू पुरतो. आमच्याकडून मोठा घेण्याची गरज नाही. दोरीचंच काम जास्त असेल तर मुठीकडे थोडे दाते असलेलं पातं घ्या. दात्यांना धार लावणं मात्र किचकट, घरच्या दगडावर जमत नाही.

आता लॉक. पातं बोटांवर मिटू नये यासाठी लॉक हवंच. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्ती सरकून पात्यामागे बसते. सोपं आहे, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. बॅक लॉकची खाच मुठीच्या पाठीवर असते. तिच्यात पुळण भरली की लॉक पुरतं बसत नाही आणि बसल्यासारखं वाटतं, हे जास्त वाईट. ओपिनेलचा चाकू आम्हाला आवडतो : फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनतो, लॉकची फिरती कडी १९५५ सालची, वापरायला सोपी. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजनाला हलका. पण मूठ लाकडाची. आषाढात लाकूड फुगतं आणि पातं आवळलं जातं. अशा वेळी नखाने ओढत बसू नका, मुठीची मागची टोकाची बाजू फळीवर हलकेच ठोका, पातं थोडं वर येतं. घेताना स्टेनलेसच घ्या, त्यातला कार्बन पोलादाचा प्रकार इथे नको. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या चाकूंना पात्याचं लॉक नसतं, म्हणून त्यांनी भोसकण्याचं काम करू नये.

समुद्रावरून आलात की चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवा, मुठीच्या आतही पाणी सोडा. झटका, उघडाच वाऱ्यावर वाळवा आणि खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फळं-मासे कापत असाल तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल. खोबरेल नको! ते चिकट होतं, आणि आंबोलीच्या थंडीत थिजतं. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण पावसाळ्यात ओल धरतं आणि बुरशी येते. औषधाच्या डबीतल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, चाकूच्या डबीत टाका.

फुरसं चावलं तर चाकू पिशवीतच राहू दे. चिरा देऊन विष बाहेर येत नाही, रक्त मात्र वाहतं. चावलेला अवयव हलवू नका, १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा.

कायद्याचं थोडक्यात : शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात. आमच्याकडचा मोठ्यात मोठा चाकू साडेतीन इंची. बटण दाबून उघडणारे आम्ही ठेवत नाही, मागूही नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे (शस्त्रबंदीचे) आदेश लागू असताना, जत्रेत किंवा सभेत चाकू खिशात नको. चिपी किंवा मोपाहून विमानाने जात असाल तर तो चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत नाही.

चाकू घेताना ओल्या हाताने उघडून-मिटून बघा. काउंटरवर पाण्याचं भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं.