तेल महागले, तरी तिजोरी रिकामी

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पुढच्याच महिन्यात कच्चे तेल पिंपाला 120 डॉलरच्या वर गेले. ‘आता तेलवाल्या देशांची चंगळ!’ असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. नायजेरियाचे उदाहरण घेतले की हा समज कोसळतो.

तिथले ‘बॉनी लाइट’ तेल हलके असते, त्यात गंधकही कमी. ऊर्ध्वपातनात त्यातून पेट्रोल-डिझेलचा भरपूर वाटा निघतो. पण पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथले सरकारी शुद्धीकरण कारखाने तेव्हा बंद पडलेले. म्हणजे कच्चे तेल विकायचे आणि पेट्रोल परदेशातून आणायचे. शिवाय ते पंपावर लिटरला साधारण 165 नायरा (तिथले चलन) या बांधलेल्या दराने द्यायचे.

खरी गंमत इथल्या वजाबाकीत आहे. समजा, आयातीचा खर्च लिटरला 200 नायरा आहे. सरकार 35 नायरा सोसते. युद्धामुळे तो 400 झाला, तर सोसायचे 235. खर्च दुप्पट, अनुदान मात्र जवळजवळ सातपट! उलट बाजूला निर्यातीचे उत्पन्न म्हणजे भाव गुणिले पिंपे. भाव दुप्पट झाला तर उत्पन्न फार तर दुप्पट होणार, तेही पिंपे तेवढीच राहिली तर. ती राहिली नाहीत. तेलचोरी आणि फुटक्या वाहिन्यांमुळे सप्टेंबर 2022 मध्ये उत्पादन दिवसाला 10 लाख पिंपांच्याही खाली आले.

त्या वर्षी पेट्रोल अनुदानासाठी 4 लाख कोटी नायरा मंजूर झाले. केंद्राची आरोग्याची तरतूद त्याच्या पाव भागाहूनही कमी होती. सरकारी तेल कंपनीने तर कित्येक महिने केंद्र आणि राज्यांच्या सामायिक खात्यात छदामही भरला नाही, आणि राज्ये शिक्षकांचे पगार भागवतात ते बरेचसे याच खात्यातून. डिझेलला अनुदान नव्हते, त्यामुळे जनरेटरवर चालणाऱ्या दवाखान्यांना झळ थेट बसली.

याला ‘तेलाचा शाप’ म्हणणे म्हणजे साडेसातीवर खापर फोडणे. तेल नॉर्वेकडेही आहे. तिथे त्याचा पैसा निधीत साठवला जातो.

मे 2023 मध्ये अनुदान काढल्याची घोषणा झाली आणि पेट्रोल काही दिवसांत तिपटीच्या आसपास गेले. आता लागोसजवळ रोज साडेसहा लाख पिंपे क्षमतेचा खासगी कारखाना उभा आहे. 2024 पासून तिथे पेट्रोलही निघते. वाहतुकीचा खर्च त्याने वाचेल. कच्च्या तेलाचा भाव मात्र जागतिक बाजारातच ठरतो.