आधी पृथ्वी मोजली, मग चंद्र-सूर्य : माळव्यातून बघितलेली पार्श्वभूमी

जूनच्या सुरुवातीला इंदूरला दुपारी साडेबाराच्या जरा आधी गच्चीवर सरळ काठी उभी करा, सावली पडतच नाही, सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्याच दिवशी ग्वाल्हेरला तिथल्या मध्यान्हीला, म्हणजे आपल्यापेक्षा नऊएक मिनिटं आधी, एक मीटरच्या काठीची साधारण ६ सेंटीमीटर सावली पडते. एवढ्याशा सावलीत अख्खी पृथ्वी मोजायची सोय आहे! तिच्यावरून कोन निघतो साडेतीन अंश, आणि दोन्ही शहरांमधलं नुसतं दक्षिण-उत्तर अंतर घेतलं (रस्त्याचं नाही हं) तर ते भरतं ३८८ किमीच्या आसपास. साडेतीन अंशाला एवढं तर ३६० अंशाला किती, त्रैराशिक मांडा, ४० हजार किमीच्या जवळ येतं.

इराटोस्थेनिसने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केलं, कोन ७.२ अंश, अंतर ५ हजार स्टेडिया (स्टेडियम हे तेव्हाचं लांबीचं माप), म्हणून परीघ अडीच लाख स्टेडिया. त्याचा स्टेडियम नेमका किती मीटरचा ह्यावर अजून वाद आहे, त्यामुळे त्याचं उत्तर इतके टक्के बरोबर होतं असं कोणी ठासून सांगितलं तर मला ते पटत नाही, पद्धत मात्र शंभर टक्के बरोबर.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणी ह्या ज्योतिषग्रंथात हीच युक्ती उज्जैनला धरून सांगितलीय, की विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे उज्जैनच, परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे, तेव्हा मधलं अंतर मोजा नि सोळाने गुणा. सोळावा हिस्सा म्हणजे २२.५ अंश, उज्जैनचे अक्षांश आज २३.२ धरतात, बघा किती जवळ. उज्जैनच का, तर आपल्या ज्योतिषाची मध्यरेषाच, म्हणजे शून्य रेखांशाची रेषा, तिथून जायची.

पण पुराणातली ५० कोटी योजनांची (योजन हे जुनं अंतराचं माप) सपाट पृथ्वीही लोकांच्या मनात होतीच. १८३६ मध्ये इथे जवळच सीहोरला सुबाजी बापूंनी मराठीत पुस्तक लिहून पुराणं, सिद्धांत (म्हणजे आपले गणिती ज्योतिषग्रंथ) आणि सूर्य मध्यभागी मानणारा कोपर्निकस तिन्ही समोरासमोर ठेवले, आणि आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत हे नाव कोणाला माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच काळात हिंदुस्थान मोजणाऱ्या इंग्रज सर्वेवाल्यांची मोजणीही आपल्याच भागातून चाललेली. लॅम्बटनने १८०२ ला मद्रासहून सुरुवात केली, १८२३ ला तो हिंगणघाटला वारला, मग एव्हरेस्टने काम सिरोंजपर्यंत आणलं आणि तिथलं कल्याणपूर पुढे भारताच्या नकाशांचा आरंभबिंदू ठरलं. एव्हरेस्टने १८३० मध्ये काढलेली विषुववृत्ताची त्रिज्या आणि आजची सॅटेलाइटच्या जमान्यातली ह्यांच्यात फरक किती, तर फक्त ८६१ मीटर, ६३७८ किमीत! जंगलातून मोजणीच्या साखळ्या नि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) वाहून नेऊन केलेलं काम आहे हे.

पृथ्वी हातात आली की चंद्र सोपा, कारण दोन ठिकाणांहून बघितलं तर तो ताऱ्यांमधून सरकलेला दिसतो, ते लंबन मोजलं की झालं. सूर्यसिद्धांत ह्या आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथात चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६४ पट लांब येतो, खरा आकडा ६०. सूर्य मात्र तिथे ८६२ पट येतो आणि आहे जवळजवळ साडेतेवीस हजार पट. एवढी चूक का? सगळे ग्रह (तेव्हा सूर्य-चंद्रही त्यांतच) रोज सारखीच योजनं चालतात असं गृहीत धरलं होतं, म्हणून आकाशातल्या एका फेरीला सूर्याला चंद्राच्या १३.३७ पट वेळ लागतो तर अंतरही तेवढंच पट. सूर्याचं लंबन ८.८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), नुसत्या डोळ्यांनी ते सापडणं शक्यच नव्हतं.

वाट सापडली शुक्रामुळे. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना पृथ्वीवर लांबलांबच्या ठिकाणांहून वेळा घ्या, असं इंग्रज खगोलज्ञ हॅलीने १७१६ मध्ये सुचवलं. १७६१ च्या अशा अधिक्रमणासाठी (शुक्राच्या ह्या सरकण्यालाच अधिक्रमण म्हणतात) फ्रान्सचा खगोलज्ञ ल जांतील पाँडिचेरीला निघाला, पण गाव इंग्रजांनी घेतलेलं, त्या दिवशी तो भर समुद्रात, हलत्या जहाजावर काय मोजणार. पुढच्या अधिक्रमणासाठी आठ वर्षं थांबला, १७६९ ला पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला आणि नेमके सकाळी ढग आले. मला हे वाचून अजून गलबलतं. त्याला नाही मिळालं, पण बाकीच्यांच्या नोंदींवरून सूर्याच्या अंतराचा आकडा १५ कोटी किमीच्या आसपास आला, आज तो १४ कोटी ९६ लाख मानतात.

आणि सूर्याचं अंतर मिळालं म्हणून पृथ्वीची अख्खी कक्षाच मोजपट्टी झाली, सहा महिन्यांनी आपण ३० कोटी किमी पलीकडे असतो ना. त्याच जोरावर जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर काढलं, १० प्रकाशवर्षांच्या थोडं वर. आज ते ११.४ येतं.