पोस्ट-वॉर शिपिंग

व्हिडिओ गेममधल्या एखाद्या जोडीचं प्रेम आणि गेममधलं युद्ध संपल्यावरचं त्यांचं आयुष्य फॅन्सनी आपल्या डोक्यातून रचणं, त्यावर गोष्टी लिहिणं, चित्रं काढणं, रात्री उशिरापर्यंत त्यावर चॅट करत बसणं, या सगळ्याला मिळून पोस्ट-वॉर शिपिंग म्हणतात. जोडीला शिप म्हणतात, तिच्यावरच्या गोष्टीला फिक, गेममध्ये प्रत्यक्ष दाखवलेलं ते कॅनन आणि फॅनने मनाशी पक्कं धरलेलं ते हेडकॅनन. ठाणे आणि नवी मुंबईत हे करणारी पोरं-पोरी बहुतेक कॉलेजातली किंवा ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतली, आणि वाचन-लेखन बरंचसं मोबाईलवर, ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून किंवा लटकून, जसं जमेल तसं.

शिप हा शब्द १९९० च्या दशकात एक्स-फाइल्स या अमेरिकन मालिकेच्या फॅन्सनी रूढ केला, त्याच्याही आधी १९६७ पासून स्टार ट्रेकचे फॅन्स स्वतः टाईप करून, सायक्लोस्टाईल करून अंक काढायचे. आज फिक्सचा फार मोठा साठा आर्काइव्ह ऑफ अवर ओन या साईटवर आहे, ती २००९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, आणि २०१९ मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथून फिक डाउनलोड करून ठेवता येते, त्यामुळे नेटवर्क गेलं तरी प्रकरण चालू राहतं.

गेममध्येच हे एवढं का होतं

कारण युद्धाच्या बऱ्याच गेम्समध्ये प्रेम जमतं तेच मुळी लढता लढता. फायर एम्ब्लेम ही निन्टेंडोची मालिका घ्या, तिच्या बऱ्याच भागांत दोन पात्रं रणांगणावर शेजारी-शेजारी उभी राहून लढली की त्यांची जवळीक वाढते, सी मग बी मग ए असे टप्पे येतात, प्रत्येक टप्प्याला दोघांचं एक बोलणं ऐकायला मिळतं, आणि एस गाठला की लग्नाचं ठरलंच. १९९६ च्या जिनिओलॉजी ऑफ द होली वॉरमध्ये तर पहिल्या पिढीत जोड्या जमवायच्या आणि पुढे त्यांचीच मुलं घेऊन लढायचं. म्हणजे खेळणाऱ्याने चाळीस-पन्नास तास ह्या दोघांना एकमेकांचा जीव वाचवताना पाहिलेलं असतं, पण दोघं एकत्र भाजी आणताना कधीच पाहिलेलं नसतं. लढाई संपली की गेम संपतो. ह्या दोघांना एकत्र जगायची जी एकच रीत माहीत होती ती गेली, आता सकाळी उठून ते करणार काय, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी सोडलेला असतो आणि फॅन्स तो उचलतात. माझ्या मते ह्या सगळ्या लिखाणाचा जीव इथेच आहे, चुंबन कधी झालं आणि प्रपोज कोणी केलं ह्यात नाही.

आपल्याकडे हे काही परकं नाही. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी युद्ध दहाव्या पर्वात आटोपतं आणि पुढची आठ पर्वं नंतरचं सांगतात, स्त्रीपर्वात प्रेतं शोधणाऱ्या बायका आहेत, शांतिपर्वात राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर आहे. जिंकल्यावर काय, हे विचारायची सवय आपल्याला आधीपासून आहे.

तीन शेवट

गेम्स हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडून देतात आणि त्यावरून फिक्सचा पोत ठरतो.

व्हॅल्किरिया क्रॉनिकल्स, सेगाचा, २००८ चा, प्लेस्टेशन ३ वर आला होता. गॅलिया नावाच्या छोट्या देशावर आक्रमण होतं, वेल्किन आणि अ‍ॅलिशिया एकाच तुकडीत लढतात, आणि शेवटी गेम स्वतःच सांगून टाकतो की लग्न झालं, तो शिक्षक झाला, ती बेकरी चालवते, मुलीचं नाव आयसारा ठेवलं. आयसारा हे वेल्किनच्या मानलेल्या बहिणीचं नाव, जी लढाईत मारली गेली. इथे फॅन्सना शेवट बदलायचा नसतो, त्या नावाच्या आत शिरायचं असतं, पोरीला हाक मारताना बापाला प्रत्येक वेळी काय होत असेल, ह्या एका गोष्टीवर लिहिणारे लोक आहेत आणि ते बरोबरच करतात.

फायर एम्ब्लेम थ्री हाउसेस, जुलै २०१९. आधी शाळा, मग पाच वर्षांची उडी, मग युद्ध, तेही वर्गमित्रांशीच. शेवटी प्रत्येक जोडीला पडद्यावर एक परिच्छेद मिळतो, बस. राज्य सुधारलं, आनंदाने राहिले, लोक त्यांना अजून आठवतात, असल्या धाटणीचा. आणि असा परिच्छेद ज्याच्या वाट्याला येतो त्यांच्यातला एक राजपुत्र दिमित्री, म्हणजे एक डोळा गेलेला, मेलेल्यांचे आवाज ऐकू येणारा, लहानपणीच्या कत्तलीनंतर जिभेची चवच गेलेला माणूस. त्याचा संसार एका परिच्छेदात कसा मावणार? म्हणून दिमित्रीच्या फिक्समध्ये जेवणाचे प्रसंग इतके आहेत. बायको रांधते, तो छान झालंय म्हणतो, तिला माहीत असतं की ह्याला काही कळलेलं नाही, त्यालाही माहीत असतं की तिला माहीत आहे, आणि दोघं जेवतात.

तिसरा शेवट मास इफेक्टचा, ही बायोवेअरची मालिका, २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. पोस्ट-वॉर लिखाणाची खरी खाण हीच. कमांडर शेपर्ड आणि गॅरस ही जोडी ठाण्याकडच्या फॅन्समध्ये फार लाडकी, शेपर्ड म्हणजे खेळणाऱ्याचं पात्र, पुरुष घ्या किंवा स्त्री, गॅरस हा ट्युरियन म्हणजे परग्रहावरचा, नेमबाज, दुसऱ्या भागापासून स्त्री शेपर्डशी त्याचं जमू शकतं. शेवटच्या हल्ल्याआधी उद्ध्वस्त लंडनमध्ये तो निवृत्तीच्या गप्पा मारतो, कुठेतरी उबदार ठिकाणी जाऊन राहू म्हणतो. आणि मग तो शेवट, ज्याच्यावरून २०१२ मध्ये जगभर फॅन्स इतके चिडले की कंपनीने जून महिन्यात वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यातही एका शाखेत, तेही पुरेशी तयारी केली असेल तरच, ढिगाऱ्याखाली शेपर्डचं चिलखत दिसतं आणि एक श्वास ऐकू येतो. जहाजावर तिच्या नावाची पाटी हुतात्म्यांच्या भिंतीवर लावायला तिचा माणूस हात पुढे करतो आणि थांबतो. पुढे काही नाही. त्या एका श्वासानंतर तिला कोणी शोधलं, किती हाडं मोडली होती, हॉस्पिटलात किती महिने, पहिल्यांदा चालली तेव्हा कोणाचा हात धरला, हे सगळं फॅन्सनी लिहिलंय, हजारो लोकांनी आपापल्या परीने, आणि २०२१ मध्ये लेजेंडरी एडिशन आल्यावर नव्या पोरांनी परत पहिल्यापासून.

ह्या जोडीत एक अडचण कॅननमध्येच आहे. माणसाच्या शरीरातली प्रथिनं लेव्हो अमिनो आम्लांची आणि ट्युरियनची डेक्स्ट्रो, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी, त्यामुळे एकाचं अन्न दुसऱ्याच्या अंगी लागत नाही, उलट त्रासही होऊ शकतो. म्हणजे एका ताटात जेवणं कायमचं बाद. एकादशीला घरात दोन स्वयंपाक होतात तसं ह्यांच्याकडे रोज, दोन कुकर, दोन डबे, चमचे वेगळे. मराठी फॅन्स ह्यात फार रमतात कारण हे त्यांना शिकवावं लागत नाही.

ठाणे-नवी मुंबईतली रीत

इथले बरेच फॅन्स जोडीला तिच्या जगातून उचलून सरळ इथे आणून वसवतात. गॅरसला उबदार जागा हवी होती ना, मग सीवूड्समध्ये खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट. नेमबाजाची दुर्बीण तो आता फ्लेमिंगोंवर रोखतो, हिवाळ्यापासून साधारण मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात, २०१५ ला अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, ऐरोलीहून बोटीने जाऊन बघता येतात. आयुष्यभर ज्या डोळ्याने निशाणे धरले त्याच डोळ्याने तो आता पक्षी मोजतो, ही कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते. दिमित्रीला कोणीतरी ठाण्यात मिसळ खायला नेतं, आणि इथे एक खरी गोष्ट कामाला येते, तिखट ही चव नसून जळजळ आहे, ती वेगळ्या नसा ओळखतात, म्हणजे चव गेलेल्या माणसालाही मिसळीचा कट झोंबणारच, आणि कितीतरी वर्षांनी तोंडात काहीतरी झालं म्हणून तो दुसरी प्लेट मागवतो.

पण सगळं असं गोड नाही आणि नसावंही. भाड्याच्या घराचे प्रसंग खूप लिहिले जातात, ब्रोकर विचारतो फॅमिली आहे का, मॅरेज सर्टिफिकेट आहे का, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि हातात जगाला वाचवल्याची पदकं असली तरी सोसायटीच्या एनओसीला त्यांचा उपयोग नाही. एडेलगार्ड ही सम्राज्ञी आणि स्त्री बायलेथ, म्हणजे खेळणाऱ्याचं पात्र, अशी दोन बायकांची जोडी थ्री हाउसेसमध्ये एस टप्प्यापर्यंत जाते, गेम त्यांना सोबतीचं आयुष्य देतो. आपल्याकडे २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७ बाबतचा निकाल आला पण समलिंगी लग्नाला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली नाही, तेव्हा ह्या दोघींना घणसोलीत घर मिळवून देणारी फिक ही नुसती गंमत राहत नाही, लिहिणाऱ्यांपैकी काहींचा तो स्वतःचा प्रश्न असतो.

दिवाळी हा दुसरा ठरलेला प्रसंग. सुतळी बॉम्बच्या आवाजाने लढाईतून आलेल्या माणसाचं काय होतं? शेपर्डला वाईट स्वप्नं पडतात हे तिसऱ्या भागात कॅननच आहे, त्यामुळे हे ओढूनताणून वाटत नाही. चांगल्या फिकमध्ये दुसरा माणूस काही मोठं बोलत नाही, खिडक्या लावतो, पंखा फुल करतो, पहिल्या आंघोळीच्या पहाटे आधीच उठून बसतो म्हणजे तिला एकटीला दचकून उठायला नको. हे बारकावे कुठून येतात तर घरातूनच येतात. कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडी वस्तीत साताऱ्याकडची कितीतरी कुटुंबं आहेत, त्यांच्यात कोणाचा मामा फौजी, कोणाचे आजोबा सुभेदार म्हणून रिटायर झालेले, काही आता सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला बसतात. सकाळी साडेचारला उठणं सुटलेलं नसतं, चादरीची घडी अजून चौकोनीच, आणि युद्धाबद्दल विचारलं की माणूस चहाचं बोलतो. हे बघत वाढलेली मुलगी जेव्हा गॅरसला पहाटे चारला गॅलरीत उभा करते तेव्हा ते खरं उतरतं. परदेशी फिक्स वाचून तसंच फायरप्लेस आणि बर्फ लिहिणाऱ्यांपेक्षा हे लिखाण मला कितीतरी सरस वाटतं.

मराठीतून लिहिणारे अजून कमी आहेत, बोलणं मराठीत आणि लिहिणं इंग्रजीत असंच जास्त चालतं. मला हे खटकतं, कारण दोघांच्या रोजच्या भांडणाची, रुसव्याची, अगं-अरेची भाषा जितकी मराठीत सहज येते तितकी इंग्रजीत आणताना लेखक अडखळताना दिसतात. शेपर्ड गॅरसला अहो म्हणेल का अरे, यावर मात्र एकमत आहे, अरेच.

वाद

मुख्य वाद दुःख किती ठेवायचं याचा. एक गट म्हणतो ह्यांनी पुरेसं सोसलंय, आता फक्त सुख लिहा, ह्याला फ्लफ म्हणतात. दुसरा म्हणतो जखम पुसली तर ती माणसंच उरत नाहीत. दोन्ही प्रकार वाचावेत, पण जिथे युद्धाचा मागमूसच नाही तिथे ती जोडी कुठलीही जोडी असू शकते, हे माझं प्रामाणिक मत. दुसरा वाद पोरांचा, प्रत्येक सुखी शेवटाला बाळ हवंच का, त्यावर आजकालच्या लेखिका स्पष्ट नाही म्हणतात.

गेम कंपन्यांनाही ही भूक कळलेली आहे. मास इफेक्टच्या २०१३ च्या सिटाडेल भागात शेपर्डला राहायला चक्क अपार्टमेंट मिळतं आणि मित्रमंडळींची पार्टी होते. विचर ३ च्या २०१६ च्या ब्लड अँड वाइनमध्ये नायक गेराल्टला द्राक्षमळा मिळतो, आणि शेवटी त्याची प्रेयसी तिथे येऊ शकते. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ ला आला तेव्हा शेवट तुटक वाटतो अशी ओरड झाली, नोव्हेंबरअखेर अपडेटमधून सहा महिन्यांनंतरचं पुनर्मिलन जोडलं गेलं. उलट बाजूने नवा अधिकृत भाग आला की फॅन्सनी वर्षानुवर्षं रचलेलं घर मोडूही शकतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुढच्या मास इफेक्टचा टीझर आला, त्यात बर्फात शेपर्डची जुनी साथीदार लियारा शेपर्डच्या चिलखताचा तुकडा उचलते, एवढ्यावरून शेपर्ड जिवंत आहे का यावर इथे अजून भांडणं होतात. कॅनन उलटं गेलंच तर आपल्या फिकला कॅनन डायव्हर्जन्स, म्हणजे कॅननपासून वेगळी वाट, असा टॅग लावायचा आणि पुढचं प्रकरण लिहायला घ्यायचं, अशी पद्धत आहे.